डबल बासची पेटी

मल्हारराव जगदाळे आपला डबल बास घेऊन टांग्यातून निघाले, की ग्वाल्हेरातल्या लष्कर पेठेच्या रस्त्यावर नवखी माणसं थांबून हात जोडत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. व्हायोलिनसारखं पण पुरुषभर उंचीचं ते वाद्य पांढऱ्या खोळीत गुंडाळून टांग्यात तिरकं निजवलेलं असे आणि शेजारी गळ्यापर्यंत बटणं लावलेले मल्हारराव गंभीर चेहऱ्याने बसलेले असत. एखादा भाविक तर दोन पावलं टांग्याबरोबर चालतही यायचा. जुनी माणसं मात्र बरोबर ओळखायची आणि म्हणायची, "निघाला दरबारचा हत्ती."

मल्हाररावांचे आजोबा रिसाल्यात होते, वडीलही रिसाल्यात. मल्हाररावही घोड्यावरच बसले असते, पण राजवाड्याच्या वाद्यवृंदाला डबल बास वाजवायला उंच पोरगा हवा होता आणि मल्हारराव सोळाव्या वर्षीच दारातून वाकून आत येत. निवड उंचीवर झाली. कानाची परीक्षा नंतर झाली आणि नशिबाने कानही बरे निघाले. मग दसऱ्याची मेजवानी असो की कुणी परदेशी पाहुणा येवो, व्हायोलिनवाले पुढे, पितळी वाद्यांवाले मधे आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून मल्हारराव, हे ठरून गेलं होतं. ते वाजवत सुंदर. निदान त्यांना तसं वाटे, आणि तसं नाही म्हणणारं कुणी कधी भेटलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात घ्यायला हवं. लष्करमधल्या जुन्या दरबारी घरांतून 'नाही' हा शब्द जवळजवळ वापरातच नव्हता. पान नको असेल तर माणूस छातीला हात लावून हसे. काम होणार नसेल तर म्हणे, "बघूया, साहेब." महाराजांसमोर नाही म्हणायचं नाही ही शिस्त आधी दरबारात होती, मग ती बैठकीत आली, आणि बैठकीतून स्वयंपाकघरात कधी शिरली हे कुणालाच कळलं नाही. संस्थान गेलं, पण सवय राहिली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात त्यातला प्रकार.

संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं तेव्हा वाद्यवृंदाचीही वाटणी झाली. पितळी वाद्यं पोलिसांच्या बँडने नेली, पियानो कुठल्याशा शाळेत गेला. डबल बास कुणालाच नको होता. कोठीवरचा कारभारी मल्हाररावांना म्हणाला, "घेऊन जा रावसाहेब, इथे वाळवी खाईल." मल्हाररावांनी वाद्य घरी आणलं आणि स्वतः मोतीमहालातल्या सचिवालयात टपाल नोंदवायच्या कामाला लागले. वृंदातले व्हायोलिनवाले भालचंद्र रिसबूड यांनी चौघांची एक पार्टी उभी केली. क्लबात, लग्नाच्या स्वागताला, साहेबांच्या निरोपाला ही पार्टी जाई. आठ वर्षं हे बरं चाललं होतं.

आता छप्पन सालचा ऑक्टोबर चालू होता आणि मध्य भारत राज्यही बंद व्हायचं होतं. नव्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली. मोतीमहालात रोज पेट्या खिळल्या जात होत्या. मल्हाररावांच्या वयाच्या माणसांना दोन रस्ते होते. भोपाळला जायचं किंवा पेन्शन घेऊन घरी बसायचं. काय ते येत्या सोमवारी कचेरीत सांगायचं होतं. भोपाळला कारकुनांना दीड खोली मिळणार अशी बातमी होती. दीड खोलीत मल्हारराव, त्यांच्या पत्नी कुसुमताई आणि डबल बास हे तिघं मावणं शक्य नव्हतं, आणि तिघांतलं कोण मागे राहील हे उघड होतं.

मल्हाररावांचा विचार पक्का होता. पार्टीत वाजवायला मिळणार असेल तर पेन्शन घ्यायची आणि ग्वाल्हेरातच राहायचं. फुलबागेजवळच्या क्लबाने थंडीभर दर शनिवारी पार्टी बोलवायचं कबूल केलंही होतं. पण क्लबाचे नवे सेक्रेटरी माथुर साहेब बाहेरून आलेले, त्यांना लष्करचे रीतिरिवाज ठाऊक नव्हते. त्यांनी सरळ भालचंद्रांना विचारलं, "वो जो पीछे खड़े रहते हैं, वो बजाते क्या हैं? हमें तो कुछ सुनाई नहीं देता."

हे मल्हाररावांना सांगायला भालचंद्रांना दोन दिवस लागले. आधी त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, मग भोपाळच्या पाण्याबद्दल. शेवटी म्हणाले, "मल्हारराव, आजकाल बाहेर हिरवळीवर वाजवायचं असतं. भिंती नाहीत, छत नाही. माझं व्हायोलिनसुद्धा जेमतेम पोचतं. मी काय म्हणतो, तुमच्या बासला एखादी पेटी जोडली तर? लाउडस्पीकरची. शुक्रवारी क्लबात सचिवालयवाल्यांचं निरोपाचं चहापान आहे. माथुर साहेब तिथे ऐकतील आणि पुढचं ठरवतील."

"म्हणजे ऐकू आलो तर राहायचं, नाहीतर नाही," मल्हारराव म्हणाले.

भालचंद्र छातीला हात लावून हसले.

खासगी बाजारात उमाजीचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. उमाजी पूर्वी संस्थानच्या फौजेत तारायंत्रावर होता. फौज मोडल्यावर त्याने भोंगे भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि निवडणुका आल्यापासून त्याचं बरं चाललं होतं. मल्हाररावांना दुकानात शिरताना पाहून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली आणि चहा सांगितला. मग डबल बास मागच्या अंगणात नेऊन त्याने एक छोटा माईक जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून तारांच्या घोडीखाली खोचला. माईकची वायर आवाज वाढवायच्या मशीनला, मशीन बॅटरीला, आणि मशीनपुढे काय लावायचं ते आता निवडायचं होतं.

"आपल्याजवळ तीन माल आहेत," उमाजी म्हणाला. "बघून घ्या."

पहिला होता पत्र्याचा भोंगा. त्यातून डबल बासचा आवाज असा निघाला की घसा बसलेला कीर्तनकार विहिरीतून बोलतोय. तो लगेच बाजूला झाला.

दुसरी होती एक देखणी पेटी. पुढे सोनेरी जाळीचं कापड, कडांना पॉलिश, वर चामड्याची मूठ. एका हाताने उचलली जाई आणि टांग्यात पायाशी सहज मावे. मागची बाजू मोकळी होती, आतला स्पीकर सरळ दिसे.

तिसरी पेटी कोपऱ्यात पोत्याखाली पडलेली. उमाजीने ती स्वतः जाड सागवानी फळ्यांची ठोकली होती. चारी बाजूंनी बंद, पाठीला वीसेक स्क्रू, रंग नाही. धान्याची कोठी वाटावी असं तिचं रूप होतं, आणि उचलायला दोन माणसं लागत.

"ही काय टांग्यात बसणार?" मल्हाररावांनी विचारलं.

"बसवली तर बसेल. पण वजनी आहे, साहेब. आणि दिसायला म्हणाल तर..." उमाजीने पोतं परत टाकलं. तिसऱ्या पेटीची परीक्षा तिथेच संपली.

देखणी पेटी जोडली. दरबाराची शिस्त अशी, की जे काही असेल त्याचं तोंड पाहुण्यांकडे हवं, पाठ नको. तेव्हा पेटीचं तोंड ऐकणाऱ्यांकडे वळवून मल्हारराव तिच्या मागे उभे राहिले. ऐकायला शेजारचा अत्तरवाला आला, सराफ्यातून परतणारे दोन म्हातारे आले, गल्लीतले एक निवृत्त मास्तर आले. मल्हाररावांनी गज ओढला. आवाज काय छान आला. जाड, गोल, पोटात शिरणारा. मल्हाररावांचा चेहरा फुलला.

"ऐकू येतं ना?" त्यांनी विचारलं.

"वा वा," अत्तरवाला म्हणाला. "एकदम बढिया," एक म्हातारा म्हणाला. मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली. उमाजीने तर दाद म्हणून कानाच्या पाळीला हात लावला. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. मल्हाररावांनी देखणी पेटी ठरवून टाकली.

शुक्रवारी दुपारी क्लबाच्या हिरवळीवर चहापान झालं. भोपाळला जाणारे आणि न जाणारे साहेब सहकुटुंब आले होते, म्हणून कुसुमताईही आल्या होत्या आणि बायकांच्या खुर्च्यांत बसल्या होत्या. पूर्वी असल्या समारंभांना त्या सज्जात बारीक बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे असत. आता पडदे गेले होते आणि बायका उन्हात डोळ्यांवर हात धरून बसत. उमाजी येऊन पेटी, मशीन, बॅटरी सगळं जोडून गेला. त्याला गावाच्या हजिरा भागात भोंगे लावायचे होते.

त्या दिवशी मल्हारराव मन लावून वाजवत होते. डबल बास अंगाला टेकवून वाजवतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला तो कानाआधी बरगड्यांतून ऐकू येतो. पेल्यांचा खणखणाट, भाषणं, टाळ्या, सगळं त्यांना लांबून येत होतं आणि स्वतःचा खर्ज मात्र जवळून. आपण आज साऱ्या हिरवळीवर पसरलोय असं त्यांना वाटत होतं. त्यांना फार सुख वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर माथुर साहेब स्वतः आले. त्यांनी आधी भल्यामोठ्या वाद्याकडे पाहिलं, मग सोनेरी जाळीच्या पेटीकडे, आणि म्हणाले, "आज मज़ा आ गया, जगदाळे साहब. आज एक-एक सुर साफ़ सुनाई दिया. अब सर्दियों भर हर शनिवार आप ही हैं." मागोमाग सचिवालयातले दोघंतिघं येऊन हेच म्हणाले. भालचंद्रांनी तर मिठीच मारली. "जिंकलंत, मल्हारराव. आज तुम्ही नुसते घुमत होतात."

मल्हारराव सामान आवरायला वाकले. बॅटरीची वायर सुटून टेबलाखाली पडलेली होती. तिच्यावर बुटाचा ठसा होता आणि ठशात केकचा चुरा. त्यांनी जवळच्या बेअऱ्याला विचारलं, ही कधी निघाली.

"हुज़ूर, वो तो शुरू में ही निकल गई थी," बेअरा बशा गोळा करत म्हणाला. "मेज़ खिसकाई थी ना, तब. हमने समझा काम की नहीं है."

मल्हाररावांनी वायरीवरचा केकचा चुरा पुसला. पेटीतून सबंध दुपारभर एक सूरही निघाला नव्हता.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. कुसुमताईंनी देवापाशी दिवा लावला आणि तांदूळ निवडायला घेतले. त्या आपणहून फारसं बोलणाऱ्या नव्हत्या. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मल्हाररावांनी मेजवानीहून परतल्यावर त्यांना विचारलं होतं, "माझं ऐकू आलं?" त्यांनी "हो" म्हटलं होतं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर हा प्रश्न आणि हे उत्तर ठरलेलं होतं, जेवणानंतरच्या सुपारीसारखं.

"ऐकू आलं?" मल्हाररावांनी विचारलं.

"हो तर," कुसुमताई म्हणाल्या. "आज छान येत होतं."

"पेटीची वायर निघालेली होती. पहिल्यापासून."

कुसुमताईंचा हात ताटात थांबला.

"मग आज नाही आलं," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि याच्या आधी?"

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मल्हाररावांनी पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता, पण विचारलं.

"कधीच नाही आलं," कुसुमताई म्हणाल्या. "मी चिकाच्या पडद्यामागून तुम्हाला बघत असे. तुमचा हात हलताना दिसायचा. व्हायोलिन ऐकू यायचं, कर्णे ऐकू यायचे. तुमचं कुठलं ते मला माहीतच नाही पडलं."

"मग हो का म्हणत होतीस?"

"तुम्ही इतक्या आशेने विचारत होतात. पहिल्या वर्षी नाही म्हणवलं नाही. पुढे मग कसं म्हणणार?"

मल्हाररावांना आधी राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि ती रागापेक्षा वाईट होती. इतकी वर्षं गर्दीत उभं राहून आपण फक्त स्वतःशी बोलत होतो, असं त्यांच्या मनात आलं. माथुर साहेबांनी थंडीभराचं काम दिलं होतं. घ्यायला कुणाची हरकत नव्हती. वायर लावा की काढा, शाबासकी तीच मिळणार होती. पण न वाजता मिळालेली शाबासकी घेऊन दर शनिवारी तिथे उभं राहायचं, हे त्यांना कसंसंच वाटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शनिवारी त्यांनी बासची खोळही काढली नाही. संध्याकाळी म्हणाले, "भोपाळलाच जाऊ. सोमवारी सांगून टाकतो. टपाल नोंदवलं की निदान ते पोचतं तरी."

कुसुमताईंना ग्वाल्हेर सोडायचं नव्हतं. त्यांची बहीण इथे होती, सारा जन्म इथे गेला होता. पण त्या आपल्यासाठी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेटी निवडायला तुम्ही कुणाकुणाला नेलं होतं?"

मल्हाररावांनी सांगितलं.

"सगळे 'वा वा' म्हणणारेच. भीड भिकेची बहीण. उद्या मला घेऊन चला. मी खरं सांगेन."

"तू?" मल्हारराव म्हणाले. त्यात थोडं कडूपण होतं, आणि ते असायलाच हवं होतं.

"मीच. मला आता लपवायला काही राहिलं नाही."

रविवारी सकाळी उमाजीच्या अंगणात ते दोघं पोचले, भालचंद्रही आले. त्यांना मल्हाररावांनी वायरीची हकीगत सांगितली होती. भालचंद्रांचा चेहरा पार उतरला होता. "मला खरंच वाटलं होतं हो की तुम्ही घुमताय," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. कदाचित ते खरंही असेल. माणसाला ऐकावंसं वाटतं ते ऐकू येतं.

कुसुमताई अंगणाच्या पार टोकाला कडुनिंबाखाली स्टुलावर बसल्या. मल्हारराव देखण्या पेटीमागे उभे राहिले. भालचंद्रांनी व्हायोलिन सुरू केलं, मल्हाररावांनी खालून साथ धरली.

"येतं का ऐकू?"

"नाही," कुसुमताई म्हणाल्या.

उमाजी दचकला. त्याच्या अंगणात असा शब्द कुणी इतक्या स्वच्छ आवाजात उच्चारला नव्हता. त्याने मशीनचं बटण पिळलं.

"आता?"

"नाही. व्हायोलिन येतंय. तुमचं नाही."

मल्हाररावांना पटेना. त्यांना तर भरभरून ऐकू येत होतं. त्यांनी उमाजीला बास धरायला लावून जाड तार छेडत राहायला सांगितलं, आणि स्वतः कुसुमताईंपाशी जाऊन उभे राहिले. तिथे कुठेतरी माशी गुणगुणावी इतकाच आवाज येत होता. मग ते चालत परत पेटीच्या मागे आले, तर तिथे तोच भरदार खर्ज.

"म्हणजे ही पेटी मला ऐकवते," ते म्हणाले. "फक्त मला."

"मागून मोकळी आहे ना, साहेब," उमाजी मान खाली घालून म्हणाला. "खर्ज पुढूनही निघतो आणि मागूनही निघतो. बाहेर मोकळ्यावर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अगदी जवळ उभ्या माणसाला तेवढा मिळतो. खोलीत मग चालून जाते."

"हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"तुम्हाला फार आवडली होती," उमाजी म्हणाला. तिथल्या प्रत्येकाने हेच केलं होतं.

मग पोतं काढून ती सागवानी कोठी बाहेर आली. दोघांनी मिळून ती अंगणात आणली आणि वायर जोडली.

"आता?"

"नाही."

उमाजीने पेटी भिंतीपाशी सरकवली.

"आता?"

"काहीतरी आहे. पण नक्की सांगता येत नाही."

बटण अजून थोडं पिळलं. माईक गोधडीसकट जरा वर सरकवला. मल्हारराव खालच्या दोन तारांवर संथ गज ओढत राहिले. या पेटीमागे उभं राहून त्यांना स्वतःला जवळजवळ काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांना बरंच अवघडल्यासारखं झालं.

"हां," कुसुमताई म्हणाल्या. "आता येतं."

उमाजीने हुश्श केलं आणि लगेच धंद्याचं बोलू लागला. "टांग्यात बसेल, मी दोर लावून देतो. फक्त बास, पेटी आणि साहेब, एवढेच मावतील. वहिनीसाहेबांना जागा राहणार नाही."

"मी चालत येईन," कुसुमताई म्हणाल्या. "नाहीतर दुसरा टांगा करू."

पण मल्हाररावांनी गज खाली केला नव्हता की चेहराही सैल केला नव्हता. ते हिशेब करत होते. हा 'हां' आणि इतक्या वर्षांचा तो 'हो', दोन्हींचा आवाज त्यांना सारखाच वाटला. तिला ग्वाल्हेर सोडायचं नाही हे त्यांना न सांगता कळत होतं. ती पुन्हा त्यांच्यासाठी, किंवा स्वतःसाठी, मान डोलवत नसेल कशावरून? आणि हे तिला विचारून कळणार नव्हतं, कारण विचारलं की उत्तर काय येतं ते त्यांना पाठ होतं.

"कुसुम, जरा पाठ फिरवून बस," ते म्हणाले. "कडुनिंबाकडे तोंड कर. आम्ही एक चीज सबंध वाजवतो. तू नुसती ऐक."

कुसुमताईंनी स्टूल फिरवलं. पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

भालचंद्रांनी एक जुना वॉल्ट्झ, विलायती नाचाची चाल, धरला, राजवाड्यातल्या मेजवानीत मिठाई यायच्या वेळी वाजायचा तो. मल्हाररावांनी खालून ठेका द्यायला सुरुवात केली. एक खर्ज आणि दोन मोकळ्या मात्रा, एक खर्ज आणि दोन मोकळ्या मात्रा. अंगणापलीकडे बाजार चालू होता, कुणी भाजीच्या भावावरून वाद घालत होतं. भालचंद्र डोळे मिटून मजेत रंगले होते. त्यांचं व्हायोलिन वर चढलं, गिरकी घेऊन खाली आलं, पुन्हा चढलं.

आणि मल्हाररावांनी हळूच गज तारांवरून उचलला. आवाज न करता तो अंगाशी धरला. दुसऱ्या तळव्याने चारी तारा दाबून धरल्या. पेटी गप्प झाली. भालचंद्रांना काही कळलं नाही, ते वाजवतच राहिले. व्हायोलिन पहिल्यासारखंच चढत उतरत होतं. उमाजी मशीनकडे बघत होता, त्यालाही कळलं नाही. मल्हारराव बायकोच्या पाठीकडे बघत उभे होते.

कुसुमताईंची मान जरा वाकडी झाली. मग त्या स्टुलासकट वळल्या.

"का थांबलात?" त्यांनी विचारलं.

आतापर्यंत हे मल्हाररावांना कुणीच विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत, कारण एका हातात गज होता आणि दुसऱ्याने तारा धरल्या होत्या. भालचंद्र आता भानावर येऊन एकदा मल्हाररावांकडे आणि एकदा कुसुमताईंकडे बघू लागले.

"उद्या कचेरीत सांगून टाकतो," मल्हारराव म्हणाले. "भोपाळला येत नाही म्हणून."

"ते उद्या सांगा," कुसुमताई पुन्हा कडुनिंबाकडे तोंड करत म्हणाल्या. "आत्ता मधेच सोडलंत ते आधी पुरं करा."